जमिनीवर पडलेला मोजा

गाडी धुवायचा माझा नवाकोरा पांढरा लोकरीचा हातमोजा आत्तींच्या हातात होता आणि आत्तींचा हात म्हशीच्या पोटाखाली होता.

"आत्ती! काय करताय काय?"

"दिसंना व्हय? म्हस पुसाय लागलेय."

मी एवढ्या जोरात किंचाळले की मिरचीनं फाडकन लाथ झाडली. बादली एकीकडं, पाट एकीकडं, आणि सासूबाई शेणात. म्हशीचं नाव मिरची. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ज्यानं ठेवलं त्यानं लाथ खाऊनच ठेवलं असणार. आठवडाभरापूर्वी व्याली होती आणि कुणालाच कासेला हात लावू देत नव्हती. माझ्या नवऱ्याला तिनं एकदा उकिरड्यापर्यंत पोचवला होता. एकट्या आत्तींना ती धार काढू द्यायची, तीही तळहाताला लोणी चोळून बसल्या तर.

"बघा, तुमच्यापायी बुजली ती," मी म्हणाले. खरं तर माझ्या ओरडण्यानं बुजली असंच मलाही वाटलं होतं, पण ते कबूल करायची ती वेळ नव्हती. मी त्यांच्या हातातला मोजा ओढून घेतला. बर्फासारखा पांढरा मोजा, त्याला आता दुधाचा आणि म्हशीचा वास येत होता.

आत्ती उठल्या, लुगडं झटकलं आणि एवढंच म्हणाल्या, "ह्यो न्हवं."

ह्यो न्हवं म्हणजे काय, हे विचारायचं डोकं मला तेव्हा नव्हतं. साल सांगत बसत नाही, पण माझी कंबर तेव्हा दिसत होती, एवढं समजून घ्या.

आता मूळ भांडण काय ते सांगते. कोल्हापुरात आमच्या सासरचा गोठा ऐन रस्त्याला लागून. आठ म्हशी, एक गाय-वासरू, सगळ्यांवर सत्ता आत्तींची. सासरे गेल्यापासून शेणापासून सायीपर्यंत सगळं त्यांच्या हुकमानं चालायचं. मी लग्नाआधी सांगलीला मोटारींच्या शोरूममध्ये कामाला होते. टेबलावर बसून गाड्यांच्या तक्रारी लिहून घ्यायचे. इथं आले आणि गोवऱ्या थापायला लागले. दोन वर्षं थापल्या. तिसऱ्या वर्षी मी घरात सांगितलं, मला अर्धा गोठा द्या, मी गाड्या धुण्याचं सेंटर काढते.

नवरा म्हणाला, "आईला विचार." त्याचं नाव शशिकांत. कुठल्याही प्रश्नाचं त्याच्याकडं तेवढंच एक उत्तर असतं.

आत्तींनी चार दिवस विचार केला आणि पाचव्या दिवशी दावणीच्या चार म्हशी पलीकडं सरकवल्या. "दिवाळीच्या पाडव्यापातूर. चाललं तर तुझं. न्हाई चाललं तर तितं दोन म्हशी आणून बांधणार आणि तू परत गोवऱ्याला. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले.

सात महिने गेले. गिऱ्हाईक म्हणजे दुधाचे टेम्पो, दोन रिक्षा आणि एकदा वरातीचा घोडा. घोडेवाल्यानं खरंच विचारलं होतं, मी खरंच हाकललं. चांगल्या गाडीवाल्यांमधले एक इंजिनियर आले होते मरून रंगाची गाडी घेऊन. मी स्पंजनं घासून लख्ख केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती उन्हात उभी करून मला बोलावलं. बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक बारीक रेघा. भर गल्लीत ते मला म्हणाले, "ताई, तुम्ही भांडी घासा." आणि गल्लीतल्या बायका हसल्या. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडले. रडून झाल्यावर तो स्पंज बंबात घातला.

म्हणजे अडचण पाण्याची नव्हती की साबणाची. गाडीवर आधी भरपूर पाणी मारायचं, दोन बादल्या ठेवायच्या, एकीत साबण, एकीत मोजा खळबळायला साधं पाणी, दाब द्यायचा नाही, गोल फिरवायचं नाही, हे सगळं मला पाठ होतं. पण हातात जे धरायचं तेच रेघ ओढणारं असलं तर काय करणार? आणि बाजारात जो तो मोजा, जो तो ब्रश हात वर करून सांगत असतो, मी ओरखडा काढत नाही म्हणून. कुठला मोजा स्वतः म्हणेल की मी काढतो?

दिवाळीच्या तोंडावर देवीच पावली. आमच्या गल्लीच्या टोकाला डॉक्टर खर्डेकर बाईंचा दवाखाना. दातांच्या डॉक्टर. त्यांनी नवी काळी गाडी घेतली होती, इतकी काळी की मिरचीसुद्धा तिच्यापुढं गोरी दिसावी. काळ्या रंगाचं वाईट हे, की त्यावर एक बारीक रेघसुद्धा लपत नाही. बाई स्वतः आल्या.

"अर्चना, धनत्रयोदशीला सकाळी गाडी आणते. माझ्यासमोर धुवायची. एकही नवी रेघ उठली नाही, तर आमच्या दातवाल्या बावीस डॉक्टरांना मी तुझ्याकडं पाठवीन. उठली, तर मीच सगळ्यांना सांगेन की जाऊ नका."

"नाही उठणार, मॅडम," मी म्हणाले. कशानं धुणार ते मलाच माहीत नव्हतं.

मी बाजारात गेले आणि दुकानदाराकडून सहा नमुने आणले. चार मोजे, दोन ब्रश. एक पांढरा लोकरीचा, एक निळा, एक करडा, आणि एक गुलाबी. गुलाबीला सगळीकडून शेवयांसारख्या लोंब्या लटकत होत्या. तो त्यानं फुकट दिला, म्हणाला, "वैनी, ह्याला कोण इचारत न्हाई, तेवढा घिऊन जावा." ब्रशांतला एक घोड्याच्या केसांचा, एक प्लास्टिकचा, टोकाला तारा फुलवलेला.

घरी येऊन मी एकेक गालावर फिरवून बघत बसले. सगळेच मऊ लागत होते. शशिकांत चहा पीत बघत होता.

"तुझ्या गालाला माझी दाढीबी मऊ लागती," तो म्हणाला. "त्यावर काय भरवसा?"

"मग तुम्ही सांगा कुठला घेऊ?"

"आईला विचार."

मी आत्तींना विचारणार होते होय? मी पांढरा पसंत केला. दिसायलाच कसा साहेबी होता. गुलाबी तर बघवत नव्हता. डॉक्टरणीसमोर तो हातात घालून उभं राहणं म्हणजे पावसात भिजलेलं कोंबडीचं पिल्लू हातावर घेऊन उभं राहणं. तो मी खुंटीला मागं ढकलून ठेवला.

मोज्यांच्या बाबतीत माझा एक नियम होता आणि तो मी घरात सगळ्यांना शंभरदा ऐकवला होता. जमिनीवर पडलेला मोजा परत गाडीला लावायचा नाही. एकदा पडला की मेला. त्याच्या लोकरीत बारीक खडा अडकतो, तो धुऊन निघत नाही, आणि तोच खडा गाडीवर रेघ ओढतो. आत्ती यावर खूप हसायच्या. "आमची पोरं जमिनीवर पडून मोठी झाली, आणि हिचा मोजा मरतोय!" असं शेजारणींना सांगायच्या.

हे एवढं डोक्यात ठेवून आता त्या लाथेच्या सकाळी, वसुबारसेला, परत चला. गाय-वासराची पूजा व्हायची होती, आरती तयार होती, आणि मी गोठ्यात उभी, हातात म्हशीच्या वासाचा पांढरा मोजा. उद्या डॉक्टरीण येणार. सात महिन्यांचा सगळा राग माझ्या जिभेवर येऊन बसला.

"तुम्हाला मुद्दामच करायचंय ना हे? दोन म्हशी आणायच्यात ना तिथं?"

आत्ती शेणाचे हात पोत्याला पुसत होत्या.

"गाडीच्या कामातलं काय कळतंय तुम्हाला? जन्म शेणात गेला तुमचा, शेणातलंच कळणार!"

बोलले आणि मलाच ऐकू आलं काय बोलले ते. शशिकांत दारात आरतीचं ताट घेऊन उभा होता. आत्तींनी माझ्याकडं एकदा बघितलं. त्या बाईला मी शिव्या देताना ऐकलं होतं, पोलिसाला झापताना ऐकलं होतं, डेअरीच्या साहेबाला त्याच्याच खुर्चीतून उठवताना ऐकलं होतं. त्या दिवशी त्यांनी नुसता पदर खोचला आणि आरती घेऊन गाईकडं गेल्या.

"असलं बोलाय नको हुतं," शशिकांत हळूच म्हणाला.

"मग तुम्ही बोला तिकडं जाऊन," मी म्हणाले. वाईट वाटत असलं की मी आणखीच फणकारते, ही माझी जुनी खोड आहे.

दुपारी मी पांढरा मोजा साबणानं तीनदा धुतला आणि सहाही नमुने ओळीनं गोठ्याच्या भिंतीवरच्या तारेला अडकवले. संध्याकाळच्या धारेला आत्ती आत गेल्या त्या नेहमीपेक्षा तासभर जास्त राहिल्या. आतून मधूनच बादली आपटल्याचा आणि आत्तींच्या शिव्यांचा आवाज येत होता. शशिकांत विचारायला गेला तर आतूनच ओरडल्या, "यिऊ नको हिकडं! म्हस बुजती!"

मी मनात म्हटलं, बुजू दे.

धनत्रयोदशीला सकाळी मी गोठ्यात गेले आणि आधी तारेकडं बघितलं.

पाच नमुने जमिनीवर पडले होते. पांढरा, निळा, करडा, दोन्ही ब्रश. नुसते पडले नव्हते, मातीत होते, मिरचीच्या पायाशी. तारेवर एकटा गुलाबी लटकत होता, कुणीतरी मुद्दाम पुढं ओढून ठेवल्यासारखा.

मी ओळखलं. कोण करणार आणखी? माझाच नियम घेऊन मलाच मारलं होतं. जमिनीवर पडलेला मोजा मेला. आता पांढरा लावता येणार नव्हता, निळा नाही, काहीच नाही. दुकानं उघडायला तीन तास आणि डॉक्टरीण यायला एक.

आत्ती चुलीपुढं बसल्या होत्या. मी दारात उभी राहून म्हणाले, "झालं समाधान?"

"गुलाबी हाय की अजून," त्या वर न बघता म्हणाल्या.

"त्याला दुकानदार फुकट देतो, कळलं? फुकट!"

"मग तर बेसच," आत्ती म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. जाताना लंगडत होत्या. शशिकांतनं विचारलं, "काय गं आई, पायाला काय झालं?" तर म्हणाल्या, "वय झालं." माझ्या मनात आलं, देवानं दिली शिक्षा. हेही सांगूनच टाकते, लपवून काय उपयोग.

साडेआठला काळी गाडी आली. डॉक्टर खर्डेकर उतरल्या आणि पिशवीतून काय काढावं? दातांच्या डॉक्टरांचा तो कपाळाला लावायचा दिवा आणि दांडीचा बारका आरसा. "आधी मी बघून ठेवते, आहेत त्या रेघा कुठं आहेत," असं म्हणून बाई बॉनेटवर अशा वाकल्या, की गाडीनं आता आ करावा. अर्धी गल्ली जमली. ज्या बायका इंजिनियरच्या वेळी हसल्या होत्या, त्या झाडून सगळ्या होत्या.

मी पाणी मारलं, भरपूर मारलं. धूळ सगळी खाली गेली. मग तो गुलाबी मोजा हातात घातला.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"मोजा," मी म्हणाले. काय सांगणार?

"असा दिसतो होय?"

मागून एक बाई फिसकन हसली. मी साबणाच्या बादलीत हात बुडवला आणि टपावर ठेवला. सरळ, हलका, दाब न देता. एक पट्टा झाला की दुसऱ्या बादलीत खळबळायचा, परत साबणात. टप, काचा, बॉनेट, दारं. लोंब्या पाण्यात फुलल्या होत्या आणि मोजा गाडीवरून सरकतोय की नुसता तरंगतोय तेच कळत नव्हतं. दोन्ही ब्रश मेले होते, म्हणून नंबरप्लेटच्या कडा, दारांच्या फटी, सगळं त्याच्याच लोंब्यांनी काढलं. दोन तास लागले. मऊ फडक्यानं पाणी टिपलं आणि गाडी उन्हात ढकलली.

बाईंनी दिवा लावला, आरसा घेतला. एकेक दार, एकेक कोपरा. मिरची तेवढी आतून एकदा ओरडली. माझं सगळं आयुष्य त्या बारक्या आरशात मावलं होतं, आणि तो आरसा डिकीपाशी थांबला. थांबला तो हलेना.

"इथं एक आहे," बाई म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांपुढं गोवऱ्या आल्या.

"ही आधीची," त्यांनी आपल्या कागदावर बघून सांगितलं. "शोरूमवाल्यांची. नवी एकही नाही." मग कपाळावरचा दिवा विझवला आणि हसल्या. "कुठला म्हणालीस हा मोजा? परदेशी?"

"हो," मी ठोकून दिलं. "मी स्वतः निवडलाय. सगळे तपासून."

गल्लीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. शशिकांतनं तर शिट्टी मारली. मी मागं बघितलं. आत्ती गोठ्याच्या दाराला टेकून उभ्या होत्या. मी हनुवटी वर केली, म्हणजे बघा, तुमच्या नाकावर टिच्चून जिंकले. त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्यात आधी सगळ्यांना तेल-उटणं लावायचं काम आत्तींचं. शेवटी त्यांच्या पायाला सुनेनं लावायचं. पद्धतच होती. मी वाटी घेऊन गेले, तोंड वाकडं करूनच.

"ऱ्हाऊ दे यंदा," त्या म्हणाल्या. "माझं मी लावते."

"सणाच्या दिवशी तेवढं तरी करू द्या. नाहीतर म्हणाल सून तेल लावत नाही."

"नगं म्हटलं न्हवं!"

मी ऐकणारी आहे होय? त्यांचा पाय मांडीवर ओढला आणि लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं.

नडगीवर हिरवा-काळा डाग होता, वाटीएवढा. त्याच्या खाली दुसरा. पोटरीवर एक, सुजलेला. दुसऱ्या पायाच्या गुडघ्याला एक. माझ्या बोटांवरून तेल जमिनीवर ठिबकायला लागलं.

"आत्ती, हे काय?"

"मिरची," त्या म्हणाल्या, जणू भाजीत काय घातलं ते सांगतायत.

"चार वेळा? तुम्हाला? तुम्हाला तर ती कधीच..."

"नवी व्यालेली म्हस. सडं हुळहुळलेली असतात. बोटाचं नख जरा लागलं तरी लाथ घालती. मानसाच्या गालाला कळत न्हाई ते तिला कळतंय." त्यांनी तेलाची वाटी आपल्याकडं ओढली. "तुझ्या त्या पांढऱ्याच्या शिवणीत दोरा हाय नायलॉनचा. तिला पयल्या फटक्यात कळला."

तो मोजा मी नंतर उसवून बघितला. होता. आत दडलेला, ताठ, गाठ मारलेला. माझ्या गालाला कधी लागला नव्हता. उलट बाजूनं दाबून काळ्या बॉनेटवर फिरवला असता तर इंजिनियरचीच गत झाली असती.

"पाय बांधायचे होते की तिचे," मी म्हणाले. "दोरीनं पाय बांधून धार काढतात ना?"

"बांधलेल्या म्हशीचं काय खरं?" आत्ती म्हणाल्या. "ती गपच बसणार. मंग कळणार कसं, टोचतंय का न्हाई?"

वसुबारसेला सकाळी मी त्यांना ते बोलले होते, आणि त्याच संध्याकाळी त्या माझे उरलेले नमुने घेऊन मिरचीखाली जाऊन बसल्या होत्या, एकेक लाथ खात. सहावा गुलाबी लावला तेव्हा ती गप्प उभी राहिली असेल, आणि मग या बाईनं बाकीचे पाच मोजून जमिनीवर टाकले असतील, कारण म्हशीचं मी ऐकलं नसतं, सासूचं तर मुळीच नाही, माझ्या स्वतःच्या नियमाचं तेवढं ऐकलं असतं.

"सांगायचं तरी होतं मला," मी म्हणाले आणि रडू आलं. लाज वाटून रडू आलं, दुसरं काही नाही.

"सांगितलं असतं तर घातला असतास? म्हशीनं पास केलेला मोजा?" आत्तींनी पदरानं माझं नाक पुसलं, पोराचं पुसावं तसं, रगडून. "शेणातलंच कळतंय मला. तेवढं वापरलं. गप आता, सणासुदीचं रडू नये."

मी त्यांचे पाय दोन्ही हातांनी धरले. तेलात आणि डोळ्यांच्या पाण्यात ते डाग परत मोजले. नडगीवर दोन, पोटरीवर एक, गुडघ्याला एक. पांढरा, निळा, करडा, आणि एक ब्रश.

"आत्ती," मी म्हणाले, "हे चार झाले. खाली पडलेले नमुने तर पाच होते."

"पाचवा प्लास्टिकच्या ब्रशाचा. लई जोरात बसला."

"मग तो कुठाय?"

"त्याच्यावरच बसलेय न्हवं मगापासून," आत्ती म्हणाल्या. "लाव तेल बिगीबिगी, पाणी निवाय लागलंय."